वर्णनाचा विषय आणि वर्णनकर्ता: मानवजातिवर्णनाचे एक परीक्षण

मानवजातिवर्णन हे शास्त्राचे नाव आमच्या पुष्कळ वाचकांस अपरिचित वाटेल. ज्या गोष्टीचे ते नाव आहे ती मात्र त्यांच्या परिचयाची आहे. एखाद्या लोकसमूहाची राहणी, खाणेपिणे, लग्नविधी, मर्तिक, दैवते, नातीगोती, भाषा व समजुती यांची प्रत्यक्ष पाहणी करून ती लिहून ठेवणे, एवढाच या शास्त्राचा प्राथमिक अर्थ आहे. आपल्या आजोबा-पणजोबांना घरी येऊन कोणी ना कोणी हे प्रश्न विचारले होते आणि त्यांची उत्तरे जाडजूड ग्रंथांत छापली गेली. ते ग्रंथ आजही विद्यापीठांच्या ग्रंथालयांत आहेत. आजच्या संशोधकाला आपल्या समाजाविषयी काही लिहावयाचे झाले की तो प्रथम त्यांच्याकडेच वळतो. म्हणून त्यांचे परीक्षण करणे हे केवळ विद्वत्तेचे काम आहे असे आम्हांस वाटत नाही. आपण कोण होतो याची जी साक्ष न्यायालयाबाहेर कायम नोंदली गेली आहे, ती कोणी दिली व कोणी उतरवून घेतली हे पाहण्याचे ते काम आहे.

या परीक्षणासाठी आम्ही पुढील तीन लेखने घेतली आहेत. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली निघाला. आर. व्ही. रसेल व रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातिजमातींवरील चार खंडांचा इंग्रजी ग्रंथ १९१६ साली लंडनमध्ये मॅकमिलनने छापला. आणि त्याच १९१६ सालच्या मे महिन्याच्या ९ तारखेला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या अभ्यासवर्गापुढे एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास या विषयावर निबंध वाचला. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. एका वर्षाच्या अंतरात लिहिली गेलेली ही तीन लेखने एकाच समाजाकडे तीन ठिकाणांहून पाहतात. ती आजवर कोणी शेजारी ठेवून वाचल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

प्रथम रसेल-हिरालाल यांच्याकडे वळू. रसेल हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील अधिकारी. मध्य प्रांताच्या मानवजातिवर्णन खात्याचे ते अधीक्षक होते. १९०१ साली हिंदुस्थान सरकारने जी मानवजातिवर्णनाची पाहणी मंजूर केली व जिचे सूत्रचालन सर हर्बर्ट रिस्ले यांच्याकडे होते, तिच्यातूनच हा ग्रंथ उभा राहिला. मुंबई इलाख्यात तेच काम एन्थोव्हेन यांनी केले. रसेल यांना आपला ग्रंथ छापून आलेला पाहता आला नाही. १९१५ सालच्या ३० डिसेंबरला ‘पर्शिया’ ही आगबोट भूमध्य समुद्रात पाणतीराने बुडाली, तिच्यावर ते होते. हा तपशील सहानुभूती म्हणून आम्ही देत आहोत. माणूस कष्टाळू होता आणि त्याच्या मनात द्वेष होता असे ग्रंथावरून दिसत नाही. तेव्हा दोष शोधावयाचा तो मनात नव्हे, पद्धतीत शोधावा लागेल.

चौथ्या खंडात महार जातीवरील लेख आहे. त्यात पोटजाती आहेत, लग्नाचे विधी आहेत, गावातील कामे आहेत, चोखामेळा आहे. आणि एक उत्पत्तिकथा आहे. महार सांगतात म्हणून ती दिलेली आहे. पार्वतीला गंगेच्या काठी एक टाकलेले मूल सापडले, त्याचे नाव महामुनी. त्या काळी गोमांस निषिद्ध नव्हते. देवांची गाय मेली तेव्हा देवांनी तिचे मांस शिजवून खाण्याचे ठरविले आणि हंडीवर लक्ष ठेवण्यास महामुनीला बसविले. हंडीतून एक तुकडा बाहेर पडला. मातीला लागलेला तुकडा पुन्हा हंडीत कसा टाकावा म्हणून महामुनीने तो खाल्ला. देवांना हे कळले आणि त्यांनी शाप दिला की तू व तुझे वंशज मेलेल्या गाईचे मांस खाऊन जगाल.

या कथेच्या मध्येच ग्रंथकार एक विनोद करून जातात. महामुनी हा आल्फ्रेड राजासारखाच बेसावध होता, असे ते म्हणतात. इंग्लंडच्या या राजाला एका गुराख्याच्या बायकोने चुलीवरच्या भाकऱ्यांकडे पाहावयास सांगितले आणि त्याने त्या करपू दिल्या, अशी तिकडची बालकथा आहे. इंग्रज वाचकाला येथे हसू यावे अशी अपेक्षा आहे. आम्ही हे वाक्य प्रथम वाचले तेव्हा काही वेळ पुस्तक मिटून ठेवले. एका मानवसमूहाच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अपमानाचे जे कारण म्हणून सांगितले जाते, त्याच्या ऐन मध्यावर शाळकरी गमतीची एक ओळ! परंतु रागाने परीक्षण होत नाही. पुस्तक पुन्हा उघडले पाहिजे.

उघडल्यावर दिसते ते असे. ‘महार सांगतात’ एवढे लिहून लेखक थांबला आहे. कोणी सांगितले? वतनदार महाराने की गिरणीतल्या मजुराने? पुरुषाने की बाईने? पाटलाच्या चावडीसमोर उभे राहून, की आपल्या घरात बसून? तहसीलदार विचारीत असता सांगितलेली कथा आणि आपल्या नातवाला सांगितलेली कथा या दोन निरनिराळ्या वस्तू असतात. या ग्रंथाच्या तळटिपा पाहिल्या तर माहिती पुरविणाऱ्यांत तहसीलदार, शाळाखात्यातील अधिकारी, कारकून यांची नावे येतात. ज्याचे वर्णन होते त्याचे नाव येत नाही. मालिनोव्हस्की यांनी ट्रोब्रियांड बेटांवर राहून, तिथली भाषा शिकून आपला ग्रंथ १९२२ साली प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून लोकांत राहूनच लोकांविषयी लिहावे हा या शास्त्राचा दंडक झाला. रसेल त्याच्या आधीचे. त्यांना त्या दंडकाने मोजणे अन्यायाचे होईल हे आम्हांस मान्य आहे. परंतु आज त्यांचा आधार घेणाऱ्याला ही सवलत नाही.

आणखी एक गोष्ट ग्रंथकारांच्या हातात होती आणि ती त्यांनी पाहिली नाही. ही कथा नीट वाचा. गाय शिजविण्याचे ठरविले ते देवांनी. हंडी देवांची, भूक देवांची. महामुनीचा अपराध गोमांस खाण्याचा नाहीच. वाढण्याआधी खाल्ले, खाली पडलेले खाल्ले, एवढाच तो आहे. म्हणजे महारांना गोमांसामुळे शाप मिळाला असे सांगणाऱ्या कथेच्या पोटातच, गोमांस एके काळी वरच्यांच्याही पानात होते, ही आठवण जिवंत आहे. १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात बाबासाहेबांनी हाच मुद्दा वैदिक वाङ्मयाच्या आणि कूटदंत सुत्तासारख्या बौद्ध सुत्तांच्या पुराव्याने मांडला. ब्राह्मण व इतर लोक गोमांस खात होते, पुढे त्यांनी ते सोडले, आणि वाताहत झालेले जे लोक मृत गाईचे मांस खात राहिले त्यांच्यावर अस्पृश्यता लादली गेली, असा तो सिद्धान्त आहे. त्यातील प्रत्येक दुव्याबद्दल इतिहासकारांत मतभेद असू शकतात व आहेत. पण ज्या कथेकडे रसेल गंमत म्हणून पाहतात, तिच्यात सांगणाऱ्याने आपली बाजू शिताफीने ठेवून दिली होती. कारकुनाने ती लिहून घेतली, साहेबाने छापली, आणि दोघांनाही ती कळली नाही.

आमच्या लहानपणची एक आठवण येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या वस्तीत छापील प्रश्नावली घेऊन एक तरुण संशोधक आले होते. कुलदैवत कोणते, देवक कोणते, सोयरीक कोठे करता, मर्तिकाला काय करता, असे एकेक विचारीत ते एका म्हातारीच्या ओट्यावर येऊन बसले. तिने पाणी दिले. ते तसेच राहिले. पाच-सहा उत्तरे दिल्यावर तिने विचारले, “बाबा, तुमचं देवक कोणतं?” संशोधक हसले आणि म्हणाले, आजी, हे प्रश्न तुम्हांला विचारायचे आहेत. म्हातारी म्हणाली, “मग बाकीचं बी तुमीच ल्हून टाका.” आणि ती आत गेली. त्या प्रश्नावलीत उरलेल्या रकान्यांत त्यांनी काय लिहिले हे आम्हांस कळले नाही. त्यांचे पुस्तक झाले असेल तर त्यातही ‘ते सांगतात’ असेच छापले असेल.

रसेल यांच्या लेखात आणखी एक परिच्छेद आहे, आणि तो आमच्या वाचकांना पाठ आहे, जरी तो मूळ कोठला हे सर्वांना ठाऊक नसले तरी. थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके, पाऊलखुणा पुसण्यासाठी मागे ओढावयाची काटेरी फांदी, आणि ब्राह्मण येताना दिसला की त्याच्यावर सावली पडू नये म्हणून दूर पालथे पडणे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्येही ही नोंद आहे. १९३६ साली ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी पेशवाईतील पुण्याचे जे चित्र रेखाटले, त्यात हे मडके आहे व फांदीच्या जागी कमरेला बांधलेला झाडू आहे. ज्या ग्रंथांवर आम्ही टीका करतो त्याच ग्रंथांनी आमच्या बाजूचा पुरावा जपून ठेवला, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. साहेबाने ते लिहिले नसते तर आज ‘असे काही नव्हतेच’ म्हणणाऱ्यांना उत्तर देणे अधिक कठीण झाले असते.

परंतु तेथेही एक बारीक गोष्ट आहे. हे सर्व ‘देशी राजवटीत’ होते, असे रसेल लिहितात. म्हणजे इंग्रजी राजवटीत ते संपले, असा अर्थ आपोआप निघतो. मात्र ज्या राजवटीने १८९० नंतरच्या दशकात महारांची सैन्यभरती बंद केली, ज्या राजवटीने १८७४ चा वतन कायदा करून महाराला अहोरात्र सरकारी कामाला बांधले व त्याचे पोट मात्र गावच्या बलुत्यावर सोडले, तीच राजवट येथे लेखणी धरून बसली आहे. लेखणी धरणारा स्वतःचा हात चित्रात काढीत नाही.

सर्वांत मोठी उणीव आणखी वेगळी आहे. हा ग्रंथ तयार होत होता तो मध्य प्रांतात, ज्याची राजधानी नागपूर. त्याच नागपुरात किसन फागोजी बनसोडे हे महार समाजातील गृहस्थ मुलींसाठी शाळा चालवीत होते, वृत्तपत्रे काढीत होते. ‘निराश्रित हिंद नागरिक’ १९१० चे, ‘विटाळ विध्वंसक’ १९१३ चे. त्याआधी कोकणात गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त सैनिकाने १८८८ च्या सुमारास ‘विटाळ विध्वंसन’ ही प्रश्नावली छापून उच्चवर्णीयांना अस्पृश्यतेचा जाब विचारला होता. प्रश्नावली आमच्याकडूनही निघाली होती! तिची उत्तरे मात्र कोणी गोळा केली नाहीत. रसेल यांच्या लेखात महाराच्या पोटजातींची मोजदाद आहे. छापखाना चालविणाऱ्या महाराचा मागमूस नाही. कारण हे शास्त्र जुने तेवढे खरे मानते. देवक खरे, मरीआई खरी, आणि वर्तमानपत्र म्हणजे बाहेरून लागलेला रंग. जो बदलतो तो त्यांच्या दृष्टीने नमुना राहत नाही.

‘गावगाडा’ हा यापेक्षा फार सरस ग्रंथ आहे, हे आम्ही प्रथमच सांगून टाकतो. आत्रे महसूल खात्यातले. खेडी त्यांनी पायाखाली घातलेली. कारू-नारू, फिरस्ते, काळी-पांढरी, वतन-वृत्ती या सर्वांविषयी त्यांच्याइतक्या नेमक्या शब्दांत मराठीत कोणी लिहिलेले नाही. कित्येक शब्द तर केवळ त्यांच्या पानांत शिल्लक आहेत. परदेशी शास्त्राच्या परिभाषेची त्यांना गरज पडली नाही. परंतु आत्रे उभे आहेत ते कुणब्याच्या खळ्यात. धान्याची रास पडलेली आहे, आणि तिच्याकडे एकामागून एक हात पसरून येणारे लोक ते मोजत आहेत: बलुतेदार, अलुतेदार, भिक्षेकरी, फिरस्ते. या रांगेत महारही आहे. खळ्यातून पाहिले तर तो रास कमी करणाराच दिसणार.

खळ्याच्या पलीकडून ही गोष्ट कशी दिसत होती हे १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात दिसले. वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक बाबासाहेबांनी तेथे मांडले. महार राबतो सरकारसाठी आणि त्याची मजुरी काढली जाते रयतेच्या राशीतून; म्हणून सरकार त्याला फुकट राबविते आणि रयत त्याला भिकारी समजते, अशी त्यांची मांडणी होती. बलुत्याऐवजी रोख पैसा द्यावा, वतनी जमीन कष्टणाऱ्याच्या हाती यावी, असा त्यांचा आग्रह होता. वस्तुस्थिती तीच. आत्रे यांनी जी भार म्हणून नोंदविली ती बाबासाहेबांनी थकलेली मजुरी म्हणून नोंदविली. ते विधेयक पार पडले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला, तोवर बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झालेले होते.

आता न्यूयॉर्क. ९ मे १९१६ चा तो निबंध पुढील वर्षी ‘इंडियन अँटिक्वेरी’च्या मे महिन्याच्या अंकात छापला गेला. आमच्यापैकी बहुतेकांनी तो बाबासाहेबांच्या समग्र लेखनाच्या पहिल्या खंडात वाचला असेल. त्याची सुरुवात प्रदर्शनाच्या कल्पनेने होते. वस्तूंची प्रदर्शने आपण पाहतो; मानवी संस्थांचेही प्रदर्शन असू शकते ही कल्पना लोकांना विचित्र वाटेल, पण या शास्त्राच्या विद्यार्थ्यांना वाटू नये, अशा आशयाचे ते आवाहन आहे. आजवर हे वाक्य केवळ नम्र प्रस्तावना म्हणून वाचले गेले. आम्हांस त्यात अधिक काही दिसते. त्या काळी युरोप-अमेरिकेतील प्रदर्शनांत वसाहतींतील माणसांनाच आणून मांडीत. त्या पार्श्वभूमीवर हा विद्यार्थी म्हणतो, माणसे नव्हे, संस्था मांडा. महार कसा दिसतो, काय खातो, हे तो दाखवीत नाही. जात ही वस्तू कशी चालते ते दाखवितो.

निबंधाचा गाभा थोडक्यात असा. सेनार्ट, नेसफील्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी केलेल्या जातीच्या व्याख्या तो तपासतो. विटाळ, वंशपरंपरागत धंदा, रोटीबंदी ही जातीची लक्षणे म्हणून दिली जातात. त्यांतील बहुतेक गोष्टी परिणाम आहेत, मूळ नव्हेत. मूळ आहे बेटीबंदी. भारतातील समाज बहिर्विवाही होता. गोत्रात लग्न न करणे हा त्याचा जुना नियम. त्या बहिर्विवाहावर अंतर्विवाह लादला गेला तेव्हा जात जन्मली. मग प्रश्न पडतो की बंद केलेल्या गटात स्त्री-पुरुषांची संख्या बिघडली तर काय? नवरा मेला तर उरलेल्या बाईचे काय? सती, सक्तीचे वैधव्य, आणि विधुरासाठी लहान मुलगी. या तीन चाली धर्मभावनेतून उगवलेल्या नाहीत, बंद दार बंद ठेवण्यासाठी त्या लागल्या. उदात्ततेची तत्त्वज्ञाने मागाहून आली.

रसेल यांच्या चार खंडांत विवाहविधींची शेकडो पाने आहेत. त्यांतील एकाही पानावर हा प्रश्न विचारलेला नाही की या सर्व विधींचे मिळून काम काय. वर्णन आणि विश्लेषण यांतील अंतर दाखविण्यास याहून स्पष्ट जोडी आम्हांस ठाऊक नाही. आणि पाहा, विश्लेषणाची सुरुवात स्त्रीपासून होते. जातीचे कुलूप बाईच्या देहावर आहे, हे १९१६ साली सांगितले गेले. विद्यापीठांतील शास्त्राने ते गंभीरपणे घ्यावयास पुढे अनेक दशके लावली.

मात्र भक्तीने वाचणे म्हणजे वाचणे नव्हे, आणि तसे वाचलेले खुद्द लेखकालाही आवडले नसते. या निबंधाच्या काही मर्यादा आहेत. तो सर्वस्वी ग्रंथांवर आधारलेला आहे. ब्राह्मणांनी दार लावून घेतले आणि इतरांनी त्यांचे अनुकरण केले, हे स्पष्टीकरण फ्रेंच समाजशास्त्रज्ञ तार्द यांच्या अनुकरणाच्या नियमांवर टेकलेले आहे. अनुकरण वरच्या पायऱ्या समजावून देते. ज्यांना दाराबाहेर ठेवले त्यांनी कोणाचे अनुकरण केले? काहींनी दारे लावली आणि काहींना दारे बंद आढळली, असे निबंध म्हणतो खरा. परंतु अस्पृश्यतेचा प्रश्न तो जवळजवळ हाताळीतच नाही. लेखक आपली स्वतःची जातही कोठे सांगत नाही. परक्या देशात, शास्त्रज्ञांच्या सभेत, पंचवीस वर्षांच्या तरुणाने ती का सांगितली नसावी याचे तर्क करणे आम्हांस उचित वाटत नाही. एवढे मात्र दिसते की जे तेव्हा गाळले ते पुढे आयुष्यभर लिहिले. १९४८ च्या ग्रंथात अस्पृश्यतेचा प्रश्न मध्यभागी येतो, आणि तेथे पद्धतही पुढे गेलेली आहे. गावाबाहेरची वस्ती का, याचा शोध घेताना ते वेल्स व आयर्लंडमधील गावांबाहेर राहणाऱ्या परक्यांशी तुलना करतात. रिस्ले यांनी नाकाच्या मापांवरून जातींचे वंश ठरविले होते; डॉ. घुर्ये यांच्या १९३२ च्या पुस्तकातील मापांचाच आधार घेऊन बाबासाहेब दाखवितात की ब्राह्मण व अस्पृश्य यांचे वंश निराळे ठरत नाहीत. आर्य म्हणावयाचे तर दोघेही, द्रविड म्हणावयाचे तर दोघेही. साहेबाची फूटपट्टी साहेबाच्याच सिद्धान्तावर ठेवली. त्यानंतर नाक मोजण्याचे शास्त्र जगभर निकालात निघाले, तो भाग वेगळा.

स्वातंत्र्यानंतरच्या शास्त्राकडे ओझरते पाहू. एम. एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहिले. १९७० साली कॅलिफोर्नियात त्यांची टिपणे आगीत जळाली आणि १९७६ चा ‘द रिमेंबर्ड व्हिलेज’ हा ग्रंथ त्यांनी पुष्कळसा आठवणीने लिहिला. आपण गावाच्या मुख्याच्या आश्रयाने राहिलो, त्यामुळे गाव वरच्या जातींच्या बाजूने पाहिले गेले, ही कबुली त्यात आहे. या कबुलीबद्दल आम्हांस आदर आहे. लुई द्युमाँ यांचा १९६६ चा फ्रेंच ग्रंथ मात्र शुद्ध-अशुद्धाच्या उतरंडीलाच भारतीय समाजाचा प्राण ठरवितो. बेरेमन यांनी त्याला जातीचे ब्राह्मणी दर्शन म्हटले, ते योग्यच. पुढे मोफॅट यांनी १९७९ साली तामिळनाडूतील एका अस्पृश्य वस्तीचे वर्णन करून असा निष्कर्ष काढला की वस्तीतील लोक आपल्यातही तीच उतरंड उभारतात, म्हणून त्यांची त्या व्यवस्थेला मनोमन संमती आहे. निरीक्षण खोटे नाही. महार-मांग-चांभार यांनी एकमेकांशी काय केले हे आपण विसरलेलो नाही. परंतु पायऱ्यांची उतरंड अशी रचलेली असते की प्रत्येकाला पायाखाली कोणीतरी मिळावे. याला संमती म्हणणे म्हणजे कैद्याने कोठडी झाडून स्वच्छ ठेवली म्हणून तुरुंगाला त्याचा पाठिंबा आहे असे म्हणण्यासारखे होय. जोन मेंचर यांनी १९७४ सालीच जातिव्यवस्था खालून पाहिली तर ती शोषणाचीच व्यवस्था दिसते, असे दाखवून दिले होते. मोफॅट यांनी त्यांचे ऐकले असते तर बरे झाले असते.

१९८५ साली भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षणाने कुमार सुरेश सिंह यांच्या नेतृत्वाखाली ‘पीपल ऑफ इंडिया’ हा प्रकल्प हाती घेतला व ४,६३५ समुदायांची नोंद केली. संख्येने हे काम प्रचंड आहे. पण घडण रिस्ले यांच्या काळचीच: एक समुदाय, एक प्रकरण, ठरलेले रकाने. अशा रकान्यांत बौद्ध कोठे बसतो? १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अडीच हजारांच्या आसपास असलेले बौद्ध १९६१ मध्ये २७,८९,५०१ झाले, आणि २०११ मध्ये ६५ लाखांवर गेले. हा कोणत्याही जातीचा वृत्तान्त नव्हे, हा एक निर्णय आहे. तो लिहावयाचा तर निर्णय घेणाऱ्यांचे म्हणणे लिहावे लागते. त्याऐवजी ‘नवबौद्ध’ हा शब्द पुढे केला जातो आणि मग संशोधक देव्हाऱ्यात डोकावून पाहतो, जुनी मरीआई अजून आहे का? असली तर तो समाधानाने लिहितो की धर्मांतर वरवरचे आहे.

या प्रकारावर आपली नेहमीची प्रतिक्रिया संतापाची असते. येथे आम्ही थोडा निराळा विचार मांडू इच्छितो, आणि तो काही वाचकांस रुचणार नाही. बाविसाव्या प्रतिज्ञेपर्यंत सर्व प्रतिज्ञा म्हटलेल्या घरांत एखाद्या कोपऱ्यात जुना टाक असतो, हे खोटे आहे काय? लग्न बौद्ध पद्धतीने लागते, आणि सोयरीक पाहताना पोटजात विचारली जाते, हे आपण कोणी पाहिलेच नाही काय? १९१६ च्या निबंधाने ज्याला जातीचे मूळ म्हटले ती बेटीबंदी आपल्या घरांत किती उरली आहे, हे मोजण्याचे काम दुसऱ्याने केले की आपण चिडतो, आणि आपण तर ते करीतच नाही. धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हटले आहे, या आणि पाहा. पाहणाऱ्याला पाहू द्यावे. आमचा आक्षेप टाक दिसण्याला नाही. टाक दिसला एवढेच लिहून, तो कोणाचा, घरातील कोण त्याला हात जोडते व कोण जोडीत नाही, आणि त्यावरून घरात काय बोलणे होते, हे न लिहिण्याला आहे. देव्हारा ही मूर्ती ठेवण्याची जागा आहे तशीच ती भांडणाची जागाही आहे. मानवजातिवर्णनाला जर काही सांगण्यासारखे असेल तर ते त्या भांडणात आहे.

आमच्या विहारांशी जोडलेल्या अभ्यासमंडळांतून पाली सुत्तांचा अभ्यास होतो, अनुवाद होतात, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु ज्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ नंतरच्या त्या महिन्यांत आपल्या हातांनी देव उचलून बाहेर नेले, त्या माणसांचे म्हणणे टिपून घेण्याचे काम अजून नीट झालेले नाही. त्या वेळी दहा-बारा वर्षांची असलेली मुले आज ऐंशीच्या आसपास आहेत. दीक्षाभूमीवर कोण होते, किती लाख होते, याविषयी पुष्कळ लिहिले गेले. घरी परतल्यावर काय झाले याविषयी थोडेच. त्यांना विचारावे: देव्हारा कोणी रिकामा केला, सासऱ्याने की सुनेने? कोणत्या वारी? देव नदीत सोडले, विहिरीत टाकले, की शेजारच्या मराठ्याच्या घरी नेऊन दिले? पितळ मोडीत कोणी विकली? रात्री कोणाला भीती वाटली? पहिल्यांदा ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हणताना शब्द कोणी सांगितले, आणि ते चुकले तेव्हा कोणी दुरुस्त केले? मेलेले जनावर ओढण्यास नकार दिल्यावर गावाने काय केले, आणि त्या हिवाळ्यात घरात धान्य कोठून आले? उत्तर देणाऱ्याचे नाव, गाव आणि वय त्याच्या संमतीने उत्तराखाली लिहावे. आणि त्या आजीने उलट काही विचारले, तर त्याचेही उत्तर द्यावे व तेही त्याच पानावर उतरवून घ्यावे.